सोलापूरच्या मुरमात हमण: शाळेतल्या कंदीलपुष्पांच्या कामाची वही

हमण म्हणजे सह्याद्रीच्या उतारांवर गवतात-झुडपांत वाढणारा कंदीलपुष्पाचा वेल. शास्त्रीय नाव सेरोपेजिया हिर्सुटा. कूळ रुईचं. जमिनीत कंद असतो, वेल पावसाळ्यापुरता वर येतो, फुलतो आणि दिवाळीच्या आसपास नाहीसा होतो. हा वेल आमच्या शाळेच्या आवारात वाढवायचं ठरलं, त्याच्या या नोंदी. माती भिजली तर चिकटते आणि सुकली तर भेगाळते, अशा गावात कोणाला हेच करायचं असेल तर उपयोग होईल. कामं बहुतेक रविवारीच झाली, त्यामुळे तारखाही रविवारच्याच.

११ जून २०२३

कंद आले. वनस्पतीशास्त्राचे एक सर आहेत, त्यांनी स्वतःच्या बागेत बियांपासून वाढवलेले हमणचे चौदा कंद दिले. डोंगरातून उकरून काहीही आणायचं नाही, ही त्यांची अट आणि माझीही. कंदीलपुष्पं मुळात विरळ असतात. गुराखी त्यांचे कंद कच्चे खातात, साळिंदरं उकरतात, वर चराई. त्यात आपण पिशवी घेऊन जायचं म्हणजे झालंच.

सोबत आणखी एक प्रकार मिळाला. नान्नजकडच्या रस्त्याचं काम चालू आहे, तिथे जेसीबीने उकरलेल्या मुरमाच्या ढिगात नववीतल्या एका मुलाच्या आजोबांना गोल, चपटे कंद दिसले. लहानपणी त्यांनी मेंढरांमागे हिंडताना असले कंद खाल्लेत. म्हणाले, "बाई, ही खर्चुडी. आता कुठं दिसती?" हा सेरोपेजिया बल्बोसा, कोरड्या माळावर वाढणारा भाऊबंद. ढीग रोलरखाली जाणार होता, म्हणून ते चार कंद उचलले. डोंगरातला पाहुणा आणि माळावरचा घरचा, दोघांना शेजारी लावलं की फरक कळेल.

वाफा कुंपणाच्या दक्षिण भिंतीलगत केला. मुरूम, काळी माती आणि शेणखत समसमान. मुरमाची ट्रॉली १५००, माती ८००, शेणखत ५००, खाली आणि भोवती कोंबडीजाळी ७०० रुपये.

२ जुलै २०२३

मृग कोरडा गेला. पाऊस जूनच्या शेवटी आला, त्यानंतर लागवड केली. कंद वीतभर खोल. नावाच्या पट्ट्या म्हणून शिपाई मामांनी यंत्रमागाच्या कारखान्यातून जकार्डचे, म्हणजे नक्षी विणायचे, जुने पुठ्ठे आणले. भोकं आधीच पाडलेली, सुतळी ओवायला सोयीचे. पहिल्याच सरीत लगदा झाला. अॅल्युमिनियमची पट्टी आणि खिळ्याने कोरलेली अक्षरं, याला पर्याय नाही.

१६ जुलै २०२३

हमणचे बहुतेक कोंब वर आले, पण पानं पिवळी. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. मुलांना वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून त्यांनी मधल्या सुट्टीत बोअरचं पाणी घातलं. पिवळेपणा आणखी वाढला. गोल कंदाच्या खर्चुडीची पानं मात्र जाड, गुळगुळीत आणि हिरवीगार.

लिंबू घेऊन वाफ्यावर बसले. मुरमाच्या खड्यावर रस पिळला की फस्सकन बुडबुडे. चुनखडी. आपल्याकडच्या मुरमात ती पांढऱ्या गाठींच्या रूपात असतेच, काळ्या मातीतही असते. शिवाय बोअरचं पाणी जड. आमच्या टाकीच्या कडेला पांढरी पुटं चढतात ती त्याचीच. चुन्याच्या मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही, म्हणून पानं अशी शिरांपुरती हिरवी राहतात.

खडक दोन्हीकडे एकच आहे. महाबळेश्वराचा कडा आणि सोलापूरचा माळ एकाच दख्खनच्या काळ्या पाषाणाचे. पण तिकडे हजारो मिलीमीटर पावसाने चुना केव्हाच धुऊन नेला आणि माती आंबट झाली. आपल्याकडे सहाशे-सातशे मिलीमीटर पडतो. त्यात चुना विरघळतो, थोडा खाली जातो आणि तिथेच पुन्हा गोठतो. माती विकत घ्यायच्या आधी दोन रुपयांचं लिंबू पिळून पाहा. मी तेराशे रुपये माती-खतावर घालून मग पिळलं.

आजपासून बोअरचं पाणी बंद. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि ते पिण्यालाच पुरत नाही. पागोळीखाली बादल्या लावल्या.

६ ऑगस्ट २०२३

चार वेल एका रात्रीत माना टाकून पडले. उकरलं तर कंद पिचपिचीत आणि वास येणारा. चारही वाफ्याच्या खालच्या टोकाला होते, जिथे काळी माती जास्त पडली होती. या मातीत पाणी शिरलं की ती फुगते आणि सगळ्या फटी बुजवते. खाली जाळी, तिच्याखाली घट्ट जमीन. म्हणजे मी बंद बुडाची एक कुंडीच बांधली होती.

तिथला उरलेला एक कंद काढून, कुजकी बाजू कापून, जखमेवर राख चोळून खडीत ठेवला.

२७ ऑगस्ट २०२३

आता उलटा प्रकार. या महिन्यात पाऊस जवळजवळ नाहीच. काळी माती भेगाळली आणि एका भेगेत कंदाची मुळं तुटलेली उघडी दिसली. वेलांना चढायला बांधलेली जस्त चढवलेली लोखंडी तार दुपारी हात लावू देत नाही. तिला टेकलेले शेंडे करपले.

तार काढून तुरीच्या वाळक्या काठ्या रोवल्या. ओलीसाठी टॉवेलच्या कारखान्यातल्या सुती कातरणाच्या वाती केल्या. एक टोक पावसाच्या पाण्याच्या बाटलीत, दुसरं कंदापासून वीतभर लांब मातीत. कंदाला टेकवायचं नाही. कातरण फुकट मिळतं, पण त्यात पॉलिस्टर मिसळलेलं असलं तर वात पाणी ओढत नाही. एक धागा जाळून पाहायचा: गोळा झाला तर पॉलिस्टर, राख झाली तर सूत.

१७ सप्टेंबर २०२३

गणपतीच्या आधी साताऱ्याला जाऊन आले. वाफ्यात बसून डोंगर कळत नव्हता.

सोलापूर, पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, कोरेगाव असा रस्ता. म्हसवड-दहिवडीचा भाग म्हणजे माण तालुका, आपल्याइतकाच कोरडा. कोरेगावनंतर हिरवा रंग बदलायला लागतो. साताऱ्याच्या वर कास पठार, साधारण १२०० मीटर उंचीवर. सोलापूर साडेचारशेच्या आसपास. तिथे सुटीच्या दिवशी जाऊ नये. नोंदणी ऑनलाइन करावी लागते, माणसं ठरावीक सोडतात, तरी गर्दी असतेच. २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत नाव आल्यापासून ती वाढलीच आहे.

पठारावर जांभ्याचं कवच आहे आणि त्यावर माती बोटभर, कुठे चार बोटं. सपाट जागी पाणी साचतं. तिथे गेंदाची पांढरी बोंडं आणि त्यांच्यात सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं. सीतेची आसवं ही कीटकभक्षी, मुळांच्या जागी असलेल्या बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडते, कारण या मातीत नत्र नाहीच. थोडं चढावर तेरडा आणि सोनकी. मुलांना दाखवायला फोटो काढले, पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. वेलवाली कंदीलपुष्पं या साचलेल्या पाण्यात उभी नसतात. ती दिसतात कडेला, उतारावर, गवतात.

यवतेश्वरच्या घाटात उतरून एका उताराकडे नीट बघितलं. वेल गवताच्या काडीला विळखा घालून वर आलेला, पानं उन्हात आणि बुडखा गवताच्या दाट सावलीत. माती म्हणावी अशी नाहीच. दगडांच्या फटीत पडलेला कुजलेला पाला आणि भुगा. सर येऊन गेली तेव्हा उतारावरून पाणी अक्षरशः वाहत होतं आणि अर्ध्या तासाने बोट खुपसलं तर नुसती ओल.

माझ्या डोक्यात होतं की हमणला भरपूर पाणी लागतं आणि सोलापुरात ते कमी आहे. ते तसं नाही. त्याच्या अंगावरून भरपूर पाणी जातं, अंगाशी ते थांबत नाही. सोलापूरच्या काळ्या मातीत पन्नास मिलीमीटरच्या एका पावसाचं पाणी कंदाशी जेवढं थांबतं, तेवढं त्या उतारावर अख्ख्या जुलैत थांबत नसेल.

दुसरी गोष्ट क्रमाची. घाटात सगळ्यात मोठा पाऊस जुलैत, मग तो उतरत जातो आणि फुलं येतात ती पाऊस ओसरताना. आपल्याकडे जूनमध्ये थोडा, मग खंड, आणि सप्टेंबर सगळ्यात ओला. वेल वाढायचा तेव्हा इथे कोरडं आणि कंद पिकायचा तेव्हा चिखल. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये ओल द्यायची आणि सप्टेंबरात पाणी हाकलायचं, असं दोन्ही करावं लागणार.

१५ ऑक्टोबर २०२३

हमणचे सात वेल जिवंत, फूल एकालाही नाही. खर्चुडीला मोजकी फुलं आली आणि मुलांनी एक तोडून फाडून पाहिलंही. बरंच झालं. त्या निमित्ताने आतली रचना फळ्यावर काढली. फुग्यासारखा बुडखा, वर अरुंद नळी, नळीत खाली वळलेले केस, आणि टोकाला पाच पाकळ्या वरच एकमेकींना चिकटलेल्या. पाच खिडक्यांतून माशी आत शिरते.

वेल वाळताहेत. पाणी थांबवलं.

२१ जानेवारी २०२४

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तर वाफा खणलेला. घूस. कोंबडीजाळी तिने कुरतडली नव्हती, सरळ वाकवून बाजूला केली होती. हमणचे दोन कंद गेले, तिसरा अर्धा खाल्लेला. खर्चुडीचे कंद जास्त गोड असावेत, कारण चारातला एकच उरला.

उरलेले सगळे काढून कुंड्यांत भरले आणि गच्चीवर नेले. तिथे घूस चढत नाही.

२८ एप्रिल २०२४

घूस चढत नाही, पण ऊन चढतं. पारा ४० च्या वर स्थिरावला आहे. प्रयोगशाळेतला तापमापक कुंडीच्या मातीत खुपसला: दुपारी तीनला ४९ अंश. जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेल्या वाळूत ३४. डोंगरावरचा कंदही चार-सहा महिने कोरडाच असतो, पण तो दगडांच्या फटीत, गवताच्या वाळक्या छपराखाली. सिमेंटच्या स्लॅबवर चारी बाजूंनी ऊन खाणारी कुंडी ही वेगळीच गोष्ट.

हमणचा एक कंद आतून शिजल्यासारखा मऊ निघाला. उरले चार, खडीत ठेवलेला तो राख चोळलेला धरून पाच. मोठे कंद कोरड्या वाळूत, जुन्या माठात, जिन्याखाली ठेवले. लहान कंद मातीतून उपसू नयेत. ते वाळूत सुरकुततात. त्यांची कुंडी आहे तशीच सावलीत न्यावी.

१९ मे २०२४

सर म्हणाले, पुन्हा मागू नका, आहेत तेच जगवून दाखवा. रागावून नव्हे, पण म्हणाले.

नवा वाफा इमारतीच्या पूर्वेला. सकाळचं ऊन मिळतं, दुपारी दोननंतर भिंतीची सावली. आकार दहा फूट बाय चार. भिंतीकडून बाहेर उतार, तीन फुटांना एक फूट. सगळ्यात खाली अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी, कडा वीतभर वर वळवलेल्या. तिच्यावर नारळाएवढे दगड तिरपे रचलेले, मध्ये फटी सोडून. फटींत क्रशरची काळी खडी, चाळून धुतलेली, आणि कडुलिंबाच्या-चिंचेच्या झाडाखालचा कुजलेला पाला, दोनास एक. काळी माती नाही, शेणखत नाही.

खडीवरही लिंबू पिळलं. बहुतेक खडे गप्प. काही खड्यांत पांढरे चकाकणारे स्फटिक होते, त्यातले काही फसफसले, काही नाही. फसफसणारा कॅल्साइट, न फसफसणारा बहुधा झिओलाइट. दख्खनच्या पाषाणातल्या पोकळ्यांत दोन्ही सापडतात. सहावीच्या मुलांना हे वेचायचं काम दिलं, त्यांना ते लागवडीपेक्षा जास्त आवडलं.

गवंड्याला उतार पटेना. "बाई, पाणी सगळं वाहून जाईल की." तेच पाहिजे म्हटल्यावर त्याने मामांकडे बघितलं आणि मामांनी आभाळाकडे.

खर्च: खडी, अर्धी ट्रॉली १८००. वेल्ड जाळी २४००. मजुरी १६००. दोनशे लिटरचा जुना ड्रम ९००, पन्हळीचा पाइप आणि जोड ६५०. एकूण ७३५०. मागच्या वर्षीचे ३५०० धरून १०,८५०. त्यातले मागचे सगळे वाया गेले असं धरा, कारण कोंबडीजाळी भंगारात आणि माती आता कण्हेरीच्या बुंध्याशी आहे. कण्हेर खूश आहे.

१६ जून २०२४

यंदा पाऊस मृगातच आला. ड्रम दोन सरींत भरला. पहिल्या पावसाचं पाणी ड्रममध्ये घेऊ नका, गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची घाण उतरते.

कंद फटींत बसवले. कोंब निघायची बाजू वर. सोबत माळावरच्या गवताचं बी टाकलं, कुसळी आणि पवन्या. हमणला गवताची काडी लागते, तार लागत नाही. शाळेच्या समितीतल्या एकांनी विचारलं की वाफ्यात गवत का पेरलंय, तणनाशक मारू का. फलक लावला.

१४ जुलै २०२४

पाचही कोंब वर. पानं लवदार, हिरवी, शिरांमध्ये पिवळेपणा नाही. पाणी फक्त ड्रमचं, वातींनी, तेही पाऊस चार-पाच दिवस थांबला तरच.

पण एका वेलाची पानं सकाळपर्यंत गायब. पांढरे, काळे, पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या जोड्या असलेले सुरवंट. कुंपणाबाहेर रुई माजली आहे, तिच्यावर अंडी घालणारं केशरी फुलपाखरू, प्लेन टायगर, त्याचे हे. रुई आणि कंदीलपुष्प एकाच कुळातली, त्यामुळे त्याला दोन्ही चालतात. फवारणी केली नाही, कारण पुढे ज्या बारीक माश्यांवर फळधारणा अवलंबून आहे त्याही मेल्या असत्या. सुरवंट उचलून रुईवर सोडायचे, रोज शाळा भरायच्या आधी. आठवीच्या दोन मुलींनी हे काम घेतलं. मारायचे नाहीत, ही त्यांचीच अट.

रुईवरचा पिवळा मावाही आला. तो पाण्याच्या फवाऱ्याने पडतो. शेंड्याखाली हात धरून मारायचा, नाहीतर शेंडाच मोडतो. मोडला.

२५ ऑगस्ट २०२४

हमण फुलला.

कळी बरेच दिवस हिरवट, मिटलेली होती. परवा सकाळी प्रार्थनेआधी पाहिलं तर पाकळ्यांमध्ये खिडक्या उघडलेल्या. फिकट हिरवं-पिवळं अंग, त्यावर जांभळट ठिपके, बुडखा फुगीर. लांबी माझ्या करंगळीच्या दोन पेरांइतकी. एवढंसं ते. नववीतल्या एकाने विचारलं, "एवढ्यासाठी वर्षभर?" प्रश्न वाजवी होता. त्याला भिंग दिलं आणि नळीतले केस दाखवले. पुढचा तास तो तिथून हलला नाही, गणिताचा तास बुडाला, आणि त्याबद्दल मला शिक्षकखोलीत ऐकून घ्यावं लागलं.

खर्चुडी त्याआधीच फुलली होती. शेजारी लावल्याचा फायदा आत्ता झाला. हमणचं पान पातळ आणि केसाळ, दुपारी मलूल होतं. खर्चुडीचं जाड, रसाळ, उन्हाला दाद देत नाही. एकाला ढगात राहायची सवय, दुसऱ्याला माळावर.

८ सप्टेंबर २०२४

फुलं येताहेत आणि गळताहेत. शेंग एकही नाही.

गळलेलं फूल उभं चिरलं. आत तीन बारीक माश्या, एक मेलेली. भिंगाखाली तिच्या तोंडापाशी परागपोटल्यांची पिवळी जोडी अडकलेली दिसली. कंदीलपुष्पाची युक्ती अशी: वासाने माशी येते, खाली वळलेल्या केसांमुळे आत जाता येतं पण परतता येत नाही. आत धडपडताना परागपोटल्यांची चिमटी तिच्या तोंडाला अडकते. पुढे केस कोमेजतात आणि माशी सुटते. ती दुसऱ्या फुलात शिरली आणि पोटली तिथल्या नेमक्या खाचेत बसली तरच शेंग. परागकण सुटे नसतातच, सगळा माल एका गाठोड्यात. त्यामुळे ब्रशने परागीकरण वगैरे इथे चालत नाही. सुईच्या टोकाने मी करून पाहिलं, फूलच फाटलं.

म्हणजे माश्या आहेत आणि पोटल्या उचलल्याही जाताहेत. कमी आहे ती एका वेळी उमललेल्या फुलांची आणि माश्यांची संख्या. पालापाचोळ्याच्या खताचा खड्डा शाळेच्या मागे होता, तो वाफ्यापासून आठ-दहा फुटांवर आणला. कुजणाऱ्या पाल्यावर बारीक माश्या घोंगावतातच. मुख्याध्यापकांना वास आवडला नाही. वर सुकी पानं पसरली.

२९ सप्टेंबर २०२४

जोराचा पाऊस झाला. मैदानात घोटाभर पाणी. मामा छत्री घेऊन आधी वाफ्याकडे गेले. पाणी दगडांमधून खाली उतरून गटारात जात होतं. संध्याकाळी खडीत बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत ओल, त्याखाली पाणी नाही. जुन्या जागी, कुंपणाजवळ, तळं.

खर्चुडीला शेंगांची जोडी धरली. हमणच्या एका वेलालाही बारीक, टोकदार, बोटांसारखी जोडी दिसते आहे. खड्डा हलवल्यावर तीन आठवड्यांत हे झालं, एवढंच लिहिते.

२० ऑक्टोबर २०२४

शेंगा वितीपेक्षा थोड्या कमी लांब, हिरव्यावरून तपकिरी होताहेत. उकलल्या की प्रत्येक बीवरचा रेशमी झुपका उघडतो आणि वाऱ्याबरोबर बी जातं. मग ते शोधायला कुठे जाणार, एमआयडीसीत? मलमलच्या फडक्याच्या पिशव्या शिवून शेंगांवर बांधल्या. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो आणि बुरशी येते. पिशवीचं ओझं वेलाला पेलत नाही, म्हणून काठीला वेगळी दोरी.

खर्चुडीची एक शेंग पिशवी बांधायच्या आदल्या दिवशीच उकलली. झुपके मुलांच्या केसांत सापडले.

२४ नोव्हेंबर २०२४

हमणच्या जोडीतून एकवीस बिया भरलेल्या, बाकी पोकळ. ताजं बी लगेच रुजतं आणि ठेवलं तर दम सोडत जातं, हे सरांचं सांगणं. म्हणून अकरा लगेच पेरल्या, दहा कागदी पाकिटात घालून, बंद डब्यात, माझ्या घरच्या फ्रिजमध्ये, मुरांब्याशेजारी. पाकिटावर मोठ्या अक्षरांत "खायचं नाही" लिहिलं आहे.

पेरलेल्यांपैकी आठ उगवल्या. ट्रे खिडकीत, दुपारचं ऊन नाही, पाणी ड्रमचं, खालून. या रोपांना हिवाळ्यात झोपू द्यायचं नाही. कंद हरभऱ्याएवढा होईपर्यंत पान हिरवं राहायला हवं, नाहीतर उन्हाळ्यात वाळून जातात. डिसेंबरच्या थंडीत ट्रे रात्री आत घ्यायचा. ती पाळी मामांची, आणि त्यांनी ती न सांगता घेतली आहे.

मोठे कंद वाफ्यातच ठेवतो आहोत. वर वाळकं गवत कापायचं नाही, तेच त्यांचं छप्पर. वेल्ड जाळीच्या कडेला घुशीने पुन्हा उकरून पाहिलं आहे, पण आत शिरली नाही. उकरलेल्या जागी दगड बसवले. कडा वीतभर नव्हे, हातभर वर वळवायला हव्या होत्या. नवी जाळी घेताना तेवढी मोठी घ्या, साधारण सहाशे रुपये जास्त लागतील.

सरांना यातली चार रोपं जूनमध्ये परत जातील.